कॉलेज आपल्या पोरांत काय बघते?

(जिल्हा बैठकीत पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कांद्याचा विषय नाही, कापसाचाही नाही. मागच्या बैठकीत शेवटी शेवटी एक ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावाचं तुम्ही बोलता ते समजतं. पण माझी पोरगी बारावीला आहे. कॉलेजवाले पोरांत काय बघून घेतात, ते कोणी सांगाल का?" तेव्हा शेवटची एसटी गाठायची होती, प्रश्न तसाच राहिला. आज तो एकच विषय घेतला आहे.

आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. गेले काही उन्हाळे आम्ही पाच-सहा कार्यकर्ते तालुक्याच्या गावी सेतू केंद्राबाहेर टेबल टाकून बसतो आणि आपल्या पोरापोरींचे इंजिनिअरिंगचे, ॲग्रीचे, मेडिकलचे फॉर्म भरून देतो. तिथे जे पाहिले, जे चुकले, ते सांगतो.

एकाधिकार कापूस खरेदीचे दिवस जुन्या मंडळींना आठवत असतील. गाडी केंद्रावर लागली की ग्रेडर यायचा. मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी धागा ओढून बघायचा आणि चिठ्ठीवर प्रत लिहून पुढच्या गाडीकडे जायचा. वर्षभराची मेहनत त्या चिठ्ठीत. ही प्रत का लावली, हे विचारायची सोय नव्हती. कॉलेजच्या प्रवेशाबद्दल आपल्या मनात तसेच काहीतरी चित्र असते. कोणी प्राचार्य आहे, तो पोराला समोर उभे करील, दोन प्रश्न विचारील, हुशारी बघील.

असे काही होत नाही. कॉलेज पोराला बघतच नाही. फी भरायच्या दिवसापर्यंत त्या कॉलेजातल्या एकाही माणसाने तुमच्या मुलीचे तोंड पाहिलेले नसते. बघतो तो संगणक. राज्याचा सीईटी कक्ष सगळ्यांची एक गुणवत्ता यादी लावतो आणि त्या यादीप्रमाणे फेऱ्या करून जागा वाटतो. त्या संगणकाला दोन गोष्टी दिसतात. एक, आकडा. दुसरी, कागद. त्यानंतर तिसरी गोष्ट, पैसा, ती कॉलेजच्या दारात दिसते.

आकड्याचे आधी सांगतो, कारण तो भाग सरळ आहे. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी. गणिताचे १०० गुण, भौतिक आणि रसायन मिळून १००. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, ८० टक्के बारावीचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. दरवर्षी एखादे पोर भीतीने दहा प्रश्न सोडून येते. परीक्षा अनेक पाळ्यांत होते, म्हणून निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. शंभरातले साधारण नव्वद जण तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत, एवढाच अर्थ. पेढे वाटण्याआधी हे समजून घ्या. आणि बारावीचे गुण वाया गेले, असेही समजू नका. भौतिक, गणित आणि तिसरा विषय मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४० टक्के लागतातच. सीईटीला चांगला आकडा आणून बारावीत इथे अडकलेला मुलगा आमच्या टेबलावर बसून रडला आहे. मेडिकलला नीट आहे, सगळ्या देशाला एकच. तिथे मराठवाड्याच्या लोकांना ७०:३० चे सूत्र आठवत असेल, विभागाविभागातल्या जागांच्या वाटणीचे. ते सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाले. आता राज्याची यादी एक.

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, तीन तासांच्या परीक्षेवर पोराचे आयुष्य ठरवायचे, हा कुठला न्याय? आमच्याही मनात हा प्रश्न येतो. गावातला एक मुलगा अमेरिकेत शिकायला गेला. तो सांगत होता, तिकडच्या पुष्कळ कॉलेजांना बारावीनंतर अर्ज करताना निबंध लिहावा लागतो, शिक्षकांची पत्रे लागतात आणि शाळेबाहेर काय केले तेही लिहायचे असते. त्या अर्जात घरची जबाबदारीसुद्धा लिहिता येते. धाकट्या भावंडांना सांभाळले, घरच्या धंद्यात काम केले, तर ते मोजण्याजोगे समजतात. आम्ही ऐकत राहिलो. आपली पोरे रात्रीच्या विजेला विहिरीवर जातात, पहाटे धार काढतात, सातला एसटी पकडतात आणि मग भौतिकशास्त्र शिकतात. सीईटीच्या यादीत याचा एक गुणही मिळत नाही. शहरात क्लासची फी भरून दोन वर्षे फक्त अभ्यास केलेले पोर आणि रात्रभर बारे दिलेले पोर, दोघांना एकच घड्याळ.

तरीही आम्ही आकड्याच्या बाजूने आहोत. कारण आकडा नव्हता तेव्हा काय होते ते आमच्या पिढीने पाहिले आहे. १९८३ पासून या राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे निघाली. माळावर पत्र्याचे शेड, दारात पुढाऱ्याच्या नावाची पाटी. त्या कॉलेजांना पोरात काय दिसत होते? बापाची थैली. १९८७ मध्ये राज्याने देणगीबंदीचा कायदा केला, पण देणगी टेबलाखाली गेली. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात सांगितले की खाजगी कॉलेजांतही जागा गुणवत्तेनेच भरा. १९९९ पासून आपल्याकडे सीईटी आली. पुढे २००५ चा इनामदार खटल्याचा निकाल, २०१५ चा राज्याचा प्रवेश आणि शुल्काचा कायदा. हे सगळे होत होत संगणकाची यादी आली. तो संगणक पुढाऱ्याची चिठ्ठी वाचत नाही, एवढा त्याचा गुण आम्हाला पुष्कळ आहे. उद्या कोणी म्हणाले की परीक्षा नको, कॉलेजांनी मुलाखती घेऊन सर्वांगीण विचार करावा, तर आम्हाला पहिली शंका ही येईल की मुलाखतीच्या खोलीबाहेर कोणाची गाडी उभी असेल. पूर्वी जो पैसा देणगीत जायचा त्यातला बराच आता क्लासमध्ये जातो, हे खरे आहे. पण क्लास न लावता नव्वदीच्या पुढे गेलेली पोरे आम्ही दरसाल बघतो. देणगी न देता त्या काळी आत गेलेली किती होती?

आता कागद. भावांनो, आपली पोरे आकड्यात हरतात त्याचे दुःख आहे, पण मिळवलेला आकडा कागदात हरतात त्याची चीड येते.

एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सहा एकर जिरायत, दोन म्हशी, इतर मागासवर्गातले घर. मुलगी हुशार, सीईटीला तिला शासकीय कॉलेज मिळेल असा आकडा आला. तिचा फॉर्म आमच्याच टेबलावर भरला. नॉन क्रिमी लेयरचा दाखला आहे का? आहे. पुढे चला. दाखला होता, पण त्याची मुदत त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेली होती. आमच्या माणसाने दाखला पाहिला, तारीख पाहिली नाही. प्रवेशाला दाखला पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा लागतो. लक्षात आले तेव्हा नवा अर्ज केला, पोचपावती जोडली, पावतीवर तिचे नाव मागास प्रवर्गातून यादीत आले. पण मूळ दाखला ठरलेल्या तारखेच्या आत हातात पडला नाही. वडील रोज कचेरीत जात होते. कधी सर्व्हर बंद, कधी साहेब मीटिंगला. तारीख उलटली आणि संगणकाने मुलीला खुल्या वर्गात टाकले. मिळालेली जागा गेली. शेवटी लांबच्या खाजगी कॉलेजात नाव घातले. फीसाठी एक म्हैस विकली. कचेरीने उशीर केला हे खरे, पण पहिली चूक आमची होती आणि ती या सभेत कबूल केली पाहिजे. तेव्हापासून आमच्या टेबलावर एक माणूस फक्त तारखा बघायला बसतो.

या नॉन क्रिमी लेयरबद्दल एक गोष्ट नीट ऐका, कारण त्यात शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे आणि ते आपल्यालाच माहीत नसते. केंद्राने ८ सप्टेंबर १९९३ रोजी क्रिमी लेयरचे नियम काढले. तेव्हा उत्पन्नाची मर्यादा एक लाख होती, २०१७ पासून आठ लाख आहे. पण या मर्यादेत शेतीचे उत्पन्न आणि पगाराचे उत्पन्न धरायचे नाही, असे तिथेच लिहिले आहे. जमीनदारांसाठी वेगळी अट आहे, कमाल धारणेच्या ८५ टक्के किंवा जास्त बागायत जमीन असली तर. आपल्यापैकी फार थोड्यांना ती लागेल. तरीही पुष्कळ बाप उसाचे बिल जास्त आले म्हणून दाखल्याला जातच नाहीत, किंवा कोणीतरी खिडकीवर सांगतो "तुमचे बसत नाही" आणि ते मान खाली घालून परत येतात. परत येऊ नका. नियम दाखवा. फीसवलतीसाठी जो साधा उत्पन्नाचा दाखला लागतो तो वेगळा, त्यात शेतीचे धरतात. दोन दाखल्यांची गल्लत करू नका.

जात पडताळणीचे तर याहून अवघड. जातीचा दाखला मिळाला म्हणजे झाले असे वाटते, पण प्रवेशाला जिल्हा समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा. म्हणजे आजोबा किंवा पणजोबा ज्या शाळेत गेले तिथला दाखलखारिज रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल बुकातली जन्माची नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर? मग चुलत आजोबा, आत्याआजी, जो कोणी गेला असेल तो शोधायचा आणि वंशावळीने जोडायचा. हे काम बारावीच्या निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. अकरावी सायन्सला नाव घातले की कॉलेजमार्फत अर्ज करता येतो, त्याच वर्षी करा.

नावांचे बघा. सातबाऱ्यावर बापाचे नाव एक, आधारवर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी आपल्या मनाने लिहिलेले तिसरे. घरात तिघेही एकच माणूस, संगणकाला तीन माणसे.

दिल्लीच्या अखत्यारीतल्या संस्थांचे, म्हणजे आयआयटी, एनआयटीचे, कागद आणखी वेगळे. तिथे दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. आपला राज्याचा तीन वर्षे मुदतीचा दाखला तिथे चालत नाही. मराठा समाजाच्या मुलांची तर दोन्हीकडे ओढाताण. २०१८ चा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. २०२४ मध्ये १० टक्क्यांचा नवा कायदा आला, त्यालाही न्यायालयात आव्हान दिले गेले. आणि तो राज्यापुरता. केंद्राच्या संस्थेत या मुलांना उरते ते आर्थिक दुर्बलांचे, ईडब्ल्यूएसचे, १० टक्के.

इथे थांबून हिशेब करू. २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून हे १० टक्के दिले. केंद्राची अट अशी: घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत पाहिजे. आणि घराकडे शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. पाच एकर कुठली, ते विचारलेले नाही. कॅनॉलखालची की माळाची, काळी की मुरमाड, काही नाही. जिरायत पाच एकरांत सोयाबीन धरा. एकरी सहा क्विंटल उतारा धरू, पाऊस बरा झाला तर. तीस क्विंटल. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. तो बाजारात मिळतो की नाही हे तुम्ही मला सांगू नका, मी तुम्हाला सांगत नाही; मिळाला असे धरू. एक लाख ५९ हजार ८४० रुपये. यातून बियाणे, खत, फवारणी, मजुरी, मळणी वजा करायची आहे. ती न करताही हा माणूस आठ लाखांच्या पाचव्या हिश्श्याला आहे. तो दुर्बल नाही. आणि ज्याच्याकडे गुंठाभर शेत नाही पण घरात महिन्याला साठ हजार येतात, तो दुर्बल. २०२१ च्या अखेरीला ही अट पुन्हा तपासायला समिती बसली होती; तिने आठ लाखही ठेवले आणि पाच एकरही ठेवले. ज्यांनी हे ठरवले त्यांच्या डोक्यात जमीन म्हणजे श्रीमंती, हे चित्र पक्के बसलेले आहे. शेती तोट्याचा धंदा आहे, असे आपण सगळीकडे सांगत आलो. पोराच्या फॉर्मवर मात्र सरकार ती मालमत्ता म्हणून लिहून घेते. ही पाच एकरांची अट काढावी, निदान जिरायतीला लावू नये, असा ठराव आजच्या बैठकीत मांडायचा आहे. त्यावर तुम्ही बोला.

सातबारा उपयोगी पडतो अशी एक जागा आहे, ॲग्रीचे कॉलेज. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांच्या कॉलेजांत शेतकऱ्याच्या मुलांना जादा गुणांचा भार मिळतो. तिथे आपलीच एक खोड आडवी येते. आजोबा जाऊन दहा वर्षे झाली तरी वारसनोंद केलेली नसते. भावाभावांत वाटणीवरून बोलणे बंद, फेरफार पडून. मग जून महिन्यात नाते सिद्ध करायची धावपळ. आणि त्याच वेळी हौसेने दोन एकर घेतलेल्या शहरातल्या माणसाचा सातबारा स्वच्छ, त्याच्या नावावर, ऑनलाइन. जादा गुण त्याच्या पोराला. भावकीचे भांडण सुटत नसेल तर नका सोडवू, पण नोंद लावून घ्या.

पसंतीक्रमाचे दोन शब्द. संगणक यादीतल्या पहिल्या मुलापासून सुरू करतो आणि प्रत्येकाला त्याने लिहिलेल्या क्रमात जे वरचे शिल्लक असेल ते देतो. म्हणून अवघड कॉलेज वर लिहिल्याने खालचे जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे मिळाले की ते घ्यावेच लागते. "जवळ आहे, डबा पोचवता येईल" म्हणून तालुक्याचे कॉलेज पहिले लिहू नका. मुलींच्या बाबतीत हे फार होते. आई गप्प बसते आणि बाप क्रम ठरवतो. क्रम मुलीला ठरवू द्या.

पैशाचे थोडक्यात. जुलैत गावोगाव एजंट फिरतात, "मॅनेजमेंटची सीट आहे, आजच पैसे भरा". संस्थेच्या पातळीवरच्या जागांनाही अर्ज मागवून गुणवत्ता यादी लावावी लागते, आणि त्या जागेवर गेलात की सरकारी फीसवलत गेली. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा अल्पभूधारकांच्या मुलांसाठीचा वसतिगृह भत्ता, यांचे अर्ज महाडीबीटीवर. आणि मुलगी असेल तर जुलै २०२४ चा निर्णय लक्षात ठेवा. आठ लाखांच्या आतल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला पाहिजे. एजंटाला पैसे मोजून आपण हे घालवतो.

ज्या ताईंनी प्रश्न विचारला त्या आज आल्या आहेत, मुलीलाही आणले आहे. सभा संपल्यावर मागच्या खोलीत आमचे टेबल आहे. ज्यांची पोरे दहावी ते बारावीत आहेत त्यांनी थांबावे. सोबत शाळेचा दाखला, आधार, सातबारा जे असेल ते दाखवा. नसेल तर काय नाही ते लिहून देऊ. वैधतेसाठी आजोबांची शाळा कोणती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आज रात्रीच विचारून ठेवा. आणि जिच्या घरची म्हैस गेली ती मुलगी आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीला आली आहे, टेबलावर तारखा बघायला तीच बसणार आहे.